१४ संघांचा पिचर : एडविन जॅक्सनच्या बदल्या नेमक्या कशा झाल्या?

सीमारेषा

मेजर लीग बेसबॉलमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगमध्ये, सर्वाधिक संघांकडून खेळण्याचा विक्रम पिचर (चेंडू टाकणारा) एडविन जॅक्सनच्या नावावर आहे. २००३ ते २०१९ असे सलग १७ हंगाम आणि १४ संघ. २०२५ मध्ये रिच हिलने त्याची बरोबरी केली. जॅक्सनचा विषय निघाला की लोक संघांच्या टोप्यांची यादी म्हणून दाखवतात आणि विषय तिथेच संपतो. मला वाटतं त्याची कारकीर्द नीट उलगडली तर या खेळाचा व्यवहार जितका स्पष्ट दिसतो, तितका कुठल्याही महान खेळाडूच्या चरित्रातून दिसत नाही. प्रत्येक बदलीमागे एक ठरावीक नियम आणि एका ठरावीक संघाची ठरावीक गरज आहे. या धाग्यावर ती एकेक करून मांडू या. नियमांची माहिती असलेल्यांनी भर घालावी.

सुरुवातीचा भाग मी लिहितो. जन्म ९ सप्टेंबर १९८३, तेव्हाच्या पश्चिम जर्मनीतलं नॉय-उल्म. वडील अमेरिकन सैन्यात होते. वाढला जॉर्जियातल्या कोलंबसमध्ये. २००१ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) लॉस एंजेलिस डॉजर्सने सहाव्या फेरीत घेतला. शाळेत तो आउटफिल्डला खेळायचा आणि पिचिंगही करायचा. डॉजर्सने हाताचा वेग बघून त्याला पूर्णवेळ पिचर केलं. २० व्या वाढदिवशी, म्हणजे ९ सप्टेंबर २००३ ला, त्याचं पदार्पण झालं. समोर ॲरिझोनाकडून रँडी जॉन्सन, आणि सामना जॅक्सनने जिंकला.

त्यानंतरची दोन वर्षं मात्र वाईट गेली. डॉजर्सचा ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) संघ तेव्हा लास वेगासला होता. कोरडी, विरळ हवा, चेंडू लांब जातो, वळतो कमी. नियंत्रण अजून न बसलेल्या तरुण पिचरसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही. २००५ मध्ये त्याला एक पायरी खाली, डबल-ए जॅक्सनव्हिलला पाठवावं लागलं. जानेवारी २००६ मध्ये डॉजर्सने त्याला आणि चक टिफनीला टॅम्पा बेला दिलं, बदल्यात डॅनिस बाएझ आणि लान्स कार्टर हे दोन रिलीव्हर (सामन्याच्या मध्यात येणारे बदली पिचर) घेतले. ही पहिली बदली.

---

उजवा_हात

चांगला विषय. पहिल्या बदलीनंतर लगेच एक नियम लागू होतो, तो कळला नाही तर २००७ चा हंगाम समजत नाही.

संघाच्या ४० जणांच्या मुख्य यादीत आलेल्या खेळाडूला संघ मायनर लीगमध्ये (खालच्या पायऱ्यांवर) 'ऑप्शन' वर पाठवू शकतो, पण फक्त तीन हंगाम. एका हंगामात खाली २० किंवा जास्त दिवस काढले की एक ऑप्शन खर्च. जॅक्सन २००३ च्या सप्टेंबरमध्ये यादीत आला. २००४, २००५, २००६ या तीन हंगामांत तिन्ही ऑप्शन संपले. २००७ ला टॅम्पासमोर दोनच पर्याय : मुख्य संघात ठेवा, नाहीतर वेव्हरवर टाका, म्हणजे इतर संघांना उचलायला मोकळा करा. वेव्हरवर टाकला असता तर २३ वर्षांचा, ताशी ९५ मैलांच्या आसपास टाकणारा पिचर दुसऱ्या कुठल्याही संघाने फुकटात उचलला असता.

म्हणून त्याला ठेवलं आणि खेळवलं. ५ विजय, १५ पराभव, ईआरए (नऊ डावांमागे दिलेल्या सरासरी धावा) ५.७६. तरीही ३१ सामन्यांत सुरुवात त्यालाच दिली. चांगल्या, जिंकणाऱ्या संघात ही मुभा मिळाली नसती. टॅम्पा तळाशी होता, म्हणून त्याला मेजर लीगमध्ये चुका करत शिकता आलं. पुढच्या वर्षी १४-११ (विजय-पराभव), ईआरए ४.४२, आणि संघ थेट वर्ल्ड सिरीजला, म्हणजे अंतिम मालिकेला.

---

मृणाल_पी

वाचतेय. एक प्राथमिक प्रश्न. त्याची एकूण आकडेवारी बघितली : १०७ विजय, १३३ पराभव, ईआरए ४.७८. म्हणजे नऊ डावांमागे सरासरी पावणेपाच धावा. हे तर सामान्यच झालं ना? मग दरवेळी कुणीतरी त्याला का घेत होतं? आणि काही वेळा तर भरपूर पैसे देऊन?

---

सीमारेषा

मृणालताई, सगळ्या धाग्याचा गाभा याच प्रश्नात आहे.

हंगाम १६२ सामन्यांचा. प्रत्येक सामन्यात नऊ डाव, म्हणजे संघाला साधारण १४५० डाव कुणाकडून तरी टाकून घ्यावेच लागतात. पाच सुरुवातीचे पिचर आळीपाळीने येतात. पाचही जण पूर्ण हंगाम टिकले असं जवळजवळ कधीच होत नाही. कोपर, खांदा, बरगडीजवळचा स्नायू, काहीतरी जातंच. मग सहावा, सातवा, आठवा पिचर ट्रिपल-ए मधून आणावा लागतो आणि तिथे धावांची लयलूट होते.

आता जॅक्सनची २००७ ते २०१३ ही सात वर्षं बघा. दर हंगामात किमान ३१ सामन्यांची सुरुवात. डाव असे : १६१, १८३, २१४, २०९, १९९, १८९, १७५ (तृतीयांश सोडून). सात वर्षांत एकदाही पाळी चुकवायची वेळ नाही म्हणावी इतका तो हजर. सरासरी दर्जाचे २०० डाव ज्याच्याकडून हमखास मिळतात, तो पिचर संघाच्या व्यवस्थापकाला रात्री झोप देतो. बाजारात त्याला किंमत आहे आणि ती योग्य आहे. सरासरी हा शब्द आपण हलका धरतो, पण मेजर लीगमध्ये सरासरी असणं म्हणजे जगातल्या पहिल्या शंभर-दीडशे सुरुवातीच्या पिचरांत असणं.

---

बुलपेन_फोन

हजेरीचा मुद्दा मान्य, पण ती अर्धीच बाजू. दुसरी बाजू अशी की त्याच्याकडे जे होतं ते दर पाचव्या दिवशी दिसायचं. चार शिवणींवर पकडलेला फास्टबॉल ९४-९५ मैल, म्हणजे ताशी १५२ किलोमीटरच्या आसपास, आणि आठव्या डावातही तोच वेग. जोडीला ८६-८७ मैलांचा कडक स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू). असा हात पाहिला की प्रत्येक पिचिंग कोचला वाटतं, फक्त एक गोष्ट दुरुस्त केली की हा पहिल्या क्रमांकाचा पिचर होईल.

ती एक गोष्ट कोणती? फास्टबॉल सरळ होता. ९५ मैलांचा चेंडूसुद्धा न हलता पट्ट्याच्या उंचीवर आला तर मेजर लीगचा बॅटर मारतोच, त्यामुळे कोपरे अचूक साधणं भाग होतं. स्ट्राइक (बॅटरसमोरच्या ठरलेल्या चौकटीतला चेंडू) टाकणं आणि हव्या त्या कोपऱ्यात स्ट्राइक टाकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली त्याला बऱ्यापैकी जमली, दुसरी काही आठवडे जमायची आणि मग सुटायची.

उजव्या हाताच्या ताकदवान पिचरमध्ये हे का सुटतं ते सांगतो. डावा पाय जमिनीला टेकण्याआधीच डावा खांदा पहिल्या बेसच्या बाजूला उघडला, की उजवा हात मागे राहतो. मग चेंडू सुटायला हवा त्या क्षणाच्या थोडा आधी सुटतो. फास्टबॉल वर आणि उजव्या बॅटरच्या अंगावर जातो. हा दोष दोन-तीन चेंडूंनंतर जाणवला की पिचर उलट टोकाला जातो, चेंडू धरून ठेवतो आणि तो जमिनीवर आपटतो. स्लायडरच्या वेळी खांदा लवकर उघडला तर मनगट चेंडूच्या बाजूला राहतं, फिरकी सैल होते आणि स्लायडर मधोमध लटकतो. होम रन जातात ते हेच चेंडू.

पिचर उभा राहतो त्या रबरपासून होम प्लेट (बॅटरजवळची पाटी) ६० फूट ६ इंच. चेंडू साधारण ५५ फुटांच्या आत हवेत असतो. सुटण्याच्या कोनात एका अंशाचा फरक म्हणजे प्लेटवर जवळजवळ एक फुटाचा फरक. प्लेटची रुंदी १७ इंच. यावरून कळेल की 'एक गोष्ट दुरुस्त करणं' किती अवघड असतं.

---

अप्पा_मिशिगन

डेट्रॉइटचं २००९ वर्ष इथे यायला हवं, कारण हे सगळं जुळून आलं तर काय होतं ते त्या वर्षी दिसलं. २००८ नंतर टॅम्पाला डेव्हिड प्राइससाठी जागा करायची होती, म्हणून त्यांनी जॅक्सनला डेट्रॉइट टायगर्सकडे दिलं आणि मॅट जॉइस घेतला. २००९ मध्ये १३-९, ईआरए ३.६२, २१४ डाव, ऑल-स्टार संघात निवड. हंगामाच्या पहिल्या भागात ईआरए अडीचच्या आसपास होता, दुसऱ्या भागात पाचच्या पुढे गेला. कष्ट घेतले नाहीत असं म्हणायला जागा नाही. २१४ डाव हा त्याच्या हातावरचा तोवरचा सगळ्यात मोठा भार होता.

आणि त्याच डिसेंबरमध्ये टायगर्सने त्याला विकलं. तीन संघांचा व्यवहार : जॅक्सन ॲरिझोनाला, कर्टिस ग्रँडरसन यांकीजला, आणि डेट्रॉइटला मॅक्स शर्झर, ऑस्टिन जॅक्सन, फिल कोक, डॅनियल श्लेरेथ. इयन केनेडीही ॲरिझोनाला गेला. कारण उघड होतं. तीन वर्षांची सेवा पूर्ण झालेल्या खेळाडूचा पगार लवादात झपाट्याने चढतो, आणि ऑल-स्टार वर्षानंतर तर नक्कीच. टायगर्सना खर्च कमी करायचा होता. जॅक्सनचा भाव सगळ्यात वर असताना त्यांनी विकलं आणि शर्झर मिळवला. जॅक्सनच्या वाट्याला चांगल्या खेळाचं फळ म्हणून बदली आली.

---

कर्व्हबॉल

ॲरिझोनाचा मुद्दा निघालाच आहे तर २५ जून २०१० चा सामना सविस्तर मांडतो. ट्रॉपिकाना फील्ड, समोर त्याचाच जुना संघ टॅम्पा. नो-हिटर, म्हणजे संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट (फटका मारून बेस गाठणं) नाही. निकाल १-०. एकमेव धाव दुसऱ्या डावात ॲडम लारोशच्या होम रनची, जेफ नीमनच्या चेंडूवर.

पण चेंडू किती? १४९. वॉक (चौकटीबाहेरचे चार चेंडू, बॅटरला फुकट बेस) किती? आठ. त्यातले सात पहिल्या तीन डावांत! तिसऱ्या डावात वॉक देऊनच तिन्ही बेस भरले, एकही बॅटर बाद नव्हता, आणि तिथून तो धाव न देता बाहेर आला. त्या घडीला कुठल्याही मॅनेजरचा हात बुलपेनच्या (बदली पिचर तयार होतात त्या जागेच्या) फोनकडे जातो. चौथ्या डावापासून खांदा बंद राहायला लागला, फास्टबॉल खाली यायला लागला आणि पुढच्या सहा डावांत एकच वॉक.

मॅनेजर ए. जे. हिंच पेचात होता. आजच्या काळात शंभराच्या आसपास सुरुवातीच्या पिचरला काढतात. जॅक्सन बाहेर यायला तयार नव्हता. २००५ नंतर एका सामन्यात इतके चेंडू कुणी टाकले नव्हते. बुलपेन_फोन यांनी सांगितलेला दोष आणि गुण दोन्ही या एका सामन्यात एकामागून एक दिसतात, म्हणून मी हा सामना त्याच्या कारकिर्दीचा सगळ्यात प्रामाणिक नमुना मानतो.

पाच आठवड्यांनी, ३० जुलैला, ॲरिझोनाने त्याला शिकागो व्हाइट सॉक्सला दिलं आणि डॅनियल हडसन व डेव्हिड होल्मबर्ग घेतले. हडसनने उरलेल्या हंगामात ७-१, ईआरए १.६९ केलं. जॅक्सननेही व्हाइट सॉक्सकडे ७५ डावांत ७७ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) काढले, ईआरए ३.२४. दोघांनाही बदली मानवली.

---

उजवा_हात

आता २७ जुलै २०११. संघ मोजताना इथे घोळ होतो म्हणून स्पष्ट लिहितो.

त्या दिवशी व्हाइट सॉक्सने जॅक्सन आणि मार्क टीहेन यांना टोरोंटो ब्लू जेजकडे दिलं. टोरोंटोने त्याच दिवशी जॅक्सन, ऑक्टाव्हियो डोटेल, मार्क रझेपचिन्स्की आणि कोरी पॅटरसन यांना सेंट लुइस कार्डिनल्सकडे पाठवलं आणि कोल्बी रॅस्मस मिळवला. जॅक्सन काही तास कागदोपत्री टोरोंटोचा होता. त्यांच्याकडून एकही चेंडू टाकला नाही, त्यामुळे तेव्हा टोरोंटो मोजला जात नाही. टोरोंटो मोजला गेला २०१९ मध्ये.

गंमत बघा, त्या एकाच व्यवहारात डोटेलही होता. पुढच्याच वर्षी डेट्रॉइटकडून खेळून डोटेलने १३ संघांचा विक्रम केला, आणि तोच विक्रम पुढे जॅक्सनने मोडला. दोघांनाही त्या व्यवहारामुळे वर्ल्ड सिरीजचं जेतेपद मिळालं. सेंट लुइसकडे जॅक्सन ५-२, ईआरए ३.५८. वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात टेक्सासविरुद्ध सुरुवात त्यानेच केली, सात वॉक दिले आणि ०-४ असा हरला. कार्डिनल्सनी मालिका सात सामन्यांत जिंकली.

---

मृणाल_पी

या सगळ्यात खेळाडूला कुणी विचारतं की नाही? आयपीएलमध्ये ॲरन फिंच नऊ संघांकडून खेळला, पण तिथे लिलावात नाव खेळाडू स्वतः देतो आणि हंगामाबाहेरच्या अदलाबदलीला त्याची संमती लागते.

---

उजवा_हात

नाही, विचारत नाहीत. करारात बदली-नकाराचं कलम असेल तरच. नाहीतर एकच संरक्षण आहे, त्याला '१० आणि ५' म्हणतात : मेजर लीगमध्ये १० वर्षांची सेवा, आणि त्यातली शेवटची सलग ५ एकाच संघात. मग बदली नाकारता येते.

फिरत्या खेळाडूची अडचण इथेच आहे. जॅक्सनने १० वर्षांची सेवा केव्हाच ओलांडली, पण सलग ५ वर्षं कुठेच झाली नाहीत. सर्वांत जास्त सलग मुक्काम तीन हंगामांचा, टॅम्पात, आणि नंतर शिकागो कब्जकडे अडीच. ज्याला या हक्काची सगळ्यात जास्त गरज, त्याला तो कधी मिळतच नाही. माझ्या मते नियमातली ही मोठी उणीव आहे.

---

सीमारेषा

कब्जचा भाग घेतो. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने एका वर्षासाठी १ कोटी १० लाख डॉलर दिले. १०-११, ईआरए ४.०३, संघ विभागात पहिला. मग कब्जने ४ वर्षांसाठी ५ कोटी २० लाखांचा करार केला. त्याच्या आयुष्यातला एकमेव दीर्घ करार, आणि तोच सगळ्यात फसलेला. २०१३ मध्ये ८-१८, ईआरए ४.९८, नॅशनल लीगमध्ये सर्वाधिक पराभव. २०१४ मध्ये ६-१५, ईआरए ६.३३.

पण २०१३ कडे जरा थांबून बघा. एफआयपी नावाचा एक आकडा असतो. फक्त स्ट्राइकआउट, वॉक, बॅटरला लागलेला चेंडू आणि होम रन मोजतो. क्षेत्ररक्षकांच्या हातातल्या गोष्टी वगळतो. त्या हिशेबाने २०१३ चा जॅक्सन ३.७९ चा पिचर होता. फरक पडला कुठे? बेसवर माणसं असताना मार बसला. स्ट्रेच घेऊन, म्हणजे पूर्ण आवर्तन न घेता छोट्या हालचालीतून टाकताना त्याचं नियंत्रण आणखी ढिलं पडायचं. शिवाय कब्जचा तो संघ मुद्दाम पुनर्बांधणीत होता, मागचं क्षेत्ररक्षण साधारण.

---

अप्पा_मिशिगन

सीमारेषा, २०१३ बद्दल मान्य. २०१४ बद्दल नाही. ६.३३ हे नशिबाने होत नाही. वेग थोडा उतरला, पाठीच्या स्नायूची दुखापत झाली, आणि सरळ फास्टबॉलला चूक करायला जी मोकळीक होती ती गेली. ९५ वर चुकलेला चेंडू फाऊल (रेषेबाहेर) जातो, ९३ वर तोच चेंडू भिंतीला लागतो. कब्जने चार वर्षं देताना हा उतार धरायला हवा होता.

---

उजवा_हात

२०१५ च्या जुलैमध्ये कब्जने त्याला सोडलं. ही प्रक्रिया बऱ्याच जणांना माहीत नसते, पायरीने लिहितो.

संघ खेळाडूला 'डीएफए' करतो, म्हणजे ४० जणांच्या यादीतून त्याच क्षणी काढतो. तेव्हा १० दिवस मिळायचे, २०१७ पासून ७. तेवढ्यात अदलाबदल, वेव्हर किंवा मुक्तता यापैकी काहीतरी करावं लागतं. वेव्हरवर टाकला की इतर संघांना खालच्या क्रमांकापासून विचारणा होते, पण जो उचलेल त्याच्यावर संपूर्ण करार येऊन पडतो. दीड वर्षाचे कोट्यवधी डॉलर डोक्यावर घ्यायला कुणी तयार नसतं. मायनर लीगला पाठवायचं तर ५ वर्षांची सेवा असलेला खेळाडू नकार देऊन मोकळा होऊ शकतो आणि पगारही पूर्ण घेऊ शकतो. शेवटी उरते मुक्तता.

आणि मुक्त झाला की चित्र पालटतं. नवा संघ फक्त किमान वेतन देतो, तेही उरलेल्या दिवसांपुरतं. २०१५ मध्ये वर्षाचं किमान वेतन ५ लाख ७ हजार ५०० डॉलर होतं. बाकीची रक्कम जुना संघ भरत राहतो. म्हणून २०१५ मध्ये अटलांटा, २०१६ मध्ये मायामी आणि सॅन डिएगो या तिघांना जॅक्सन जवळजवळ फुकट मिळाला, बिल कब्जचं. नवव्या ते अकराव्या संघाचा हा खुलासा आहे. अटलांटाकडे त्याने रिलीव्हर म्हणून २.९२ चा ईआरए दिला, म्हणजे त्यांचा सौदा उत्तम झाला.

---

बुलपेन_फोन

रिलीव्हर म्हणून तो बरा का चालला तेही सांगतो. सुरुवातीचा पिचर एकाच बॅटरला सामन्यात तीन वेळा भेटतो, आणि तिसऱ्या भेटीत बॅटर सर्वांत धोकादायक असतो. रिलीव्हर एकदाच भेटतो. एकच डाव टाकायचा तर वेग मैल-दोन मैल वाढवता येतो आणि फास्टबॉल-स्लायडर एवढ्यावर भागतं. तिसऱ्या-चौथ्या प्रकारचा चेंडू दुबळा असला तरी झाकून जातो.

२०१७ पासून मात्र कब्जचं बिलही संपलं होतं. तेव्हा मार्ग एकच : मायनर लीगचा करार आणि स्प्रिंग ट्रेनिंगचं (हंगामपूर्व सरावाचं) आमंत्रण. अशा करारात दोन पगार लिहिलेले असतात, वर गेलास तर इतका, खाली असलास तर इतका. सगळ्यात महत्त्वाचं कलम 'ऑप्ट-आउट' चं. ठरलेल्या तारखेपर्यंत मुख्य संघात घेतलं नाही तर करार मोडून दुसरीकडे जाता येतं. अनुभवी खेळाडूने ही तारीख जूनच्या सुरुवातीची मागावी, कारण तोवर बहुतेक संघांचे दोन-तीन पिचर दुखापतीने बाहेर गेलेले असतात. ऑगस्टची तारीख घेतली तर मागणी ओसरलेली असते. २०२२ च्या सामूहिक करारानंतर सहा वर्षं सेवा झालेल्या काही खेळाडूंना अशा तीन ठरलेल्या तारखा आपोआप मिळतात : हंगामाच्या पाच दिवस आधी, १ मे, १ जून.

२०१७ मध्ये बाल्टिमोरकडून तीन सामने, मग पुन्हा वॉशिंग्टन. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या ट्रिपल-ए संघातून जूनच्या सुरुवातीला ऑप्ट-आउट, आणि ओकलंड.

---

कर्व्हबॉल

ओकलंडला त्या वर्षी सुरुवातीचे पिचर एकामागून एक जायबंदी होत होते. २५ जूनला जॅक्सन त्यांच्याकडून उतरला आणि डोटेलच्या १३ संघांशी बरोबरी झाली. १७ सामने, ६-३, ईआरए ३.३३. संघाने ९७ सामने जिंकून प्लेऑफ गाठलं.

आता सीमारेषांच्या २०१३ शेजारी हे ठेवा. २०१८ चा एफआयपी साडेचारच्या वर होता. म्हणजे पिचरच्या स्वतःच्या हातातल्या गोष्टींत २०१३ चा जॅक्सन सरस होता, तरी ईआरए ४.९८ आला; २०१८ चा कमी सरस, आणि ईआरए ३.३३. तिसऱ्या बेसवर मॅट चॅपमन, पहिल्यावर मॅट ओल्सन, दोघांनाही त्या वर्षी गोल्ड ग्लव्ह. शिवाय ओकलंडच्या जुन्या मैदानात फाऊलची जागा प्रचंड, जिथे इतरत्र प्रेक्षकांत जाणारे उंच झेल क्षेत्ररक्षकाच्या हातात पडतात. जॅक्सनने कटरचा (किंचित बाजूला सरकणाऱ्या फास्टबॉलचा) वापर वाढवला होता, तो बॅटच्या दांड्याजवळ लागतो आणि सोपे झेल मिळतात. योग्य मैदान, योग्य क्षेत्ररक्षण, योग्य चेंडू. फिरत्या पिचरने संघ निवडायची वेळ आली तर पगाराआधी हे तीन बघावं.

---

मृणाल_पी

रिच हिलचीही वाट अशीच आहे का?

---

कर्व्हबॉल

जवळजवळ उलटी. जॅक्सनचा हात कधी मोडला नाही, हिलचा सतत मोडत राहिला. डावखुरा, २००७ मध्ये कब्जकडे १९५ डाव, मग खांद्याची शस्त्रक्रिया, २०११ मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया, मधेच हात खाली करून बाजूने टाकण्याचा प्रयोग. २०१५ च्या उन्हाळ्यात तो लाँग आयलंड डक्स या स्वतंत्र लीगमधल्या संघात होता, वय ३५. तिथे दोन सामने टाकून बोस्टनच्या संस्थेत आला आणि सप्टेंबरमध्ये चार सामन्यांत ईआरए १.५५, २९ डावांत ३६ स्ट्राइकआउट.

बदल एकच : कर्व्हबॉल (वळत खाली पडणारा संथ चेंडू) फास्टबॉलइतक्याच वेळा टाकायचा, आणि तोही वेगवेगळ्या वेगाने व कोनातून. ९० मैलांचा फास्टबॉल त्या कर्व्हमागून आला की जास्त वेगवान वाटतो. पुढे डॉजर्सने ३ वर्षांचे ४ कोटी ८० लाख दिले. २३ ऑगस्ट २०१७ ला पिट्सबर्गविरुद्ध त्याने नऊ डावांत एकही हिट दिला नाही, आणि दहाव्या डावात जॉश हॅरिसनच्या होम रनवर सामना हरला. २०२५ मध्ये ४५ व्या वर्षी कॅन्सस सिटी हा १४ वा संघ.

---

बुलपेन_फोन

नव्या संघात पोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय बिघडतं, हे राहिलं. सर्वांत आधी कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा). तो तुमचा चेंडू कुठे वळतो हे हाताने ओळखेपर्यंत दोन-तीन बुलपेन सत्रं जातात, तोवर जमिनीवर टाकायचा स्लायडर पिचर बिचकत टाकतो आणि तो वर राहतो. दुसरं, खुणा. २०२२ मध्ये पिचकॉम आलं आणि बटण दाबून कानात सूचना मिळू लागली. त्याआधी दुसऱ्या बेसवर धावपटू असताना वापरायच्या खुणांची मालिका प्रत्येक संघाची वेगळी होती. तिसरं, पाच दिवसांचं चक्र. सामन्यानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी २५-३५ चेंडूंचं बुलपेन सत्र असतं. बदली नेमकी त्या दिवशी झाली तर सत्र विमानप्रवासात बुडतं, आणि पुढच्या सामन्यात पहिल्या डावातच वॉक दिसतात. शक्य असेल तर एक दिवस पुढे ढकलून घ्यावा.

करांचाही व्याप आहे. ज्या राज्यात जितके कामाचे दिवस, त्या प्रमाणात तिथला आयकर. फ्लोरिडा, टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, कॅलिफोर्नियात भरपूर. हंगामाच्या मध्ये संघ बदलला की हिशेब दुप्पट.

---

सीमारेषा

शेवटचा टप्पा. मे २०१९ मध्ये ओकलंडने त्याला रोख रकमेच्या बदल्यात टोरोंटोला दिलं. १५ मे ला सॅन फ्रान्सिस्कोत तो त्यांच्याकडून उतरला, पाच डाव टाकले आणि १४ व्या संघाचा विक्रम झाला. पुढचे सामने वाईट गेले. टोरोंटोकडे ईआरए ११.१२. जुलैमध्ये सुटका, मग पुन्हा डेट्रॉइट, आणि तिथेच मेजर लीगमधला शेवट. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून खेळला, योकोहामातल्या अंतिम सामन्यात जपानकडून ०-२ हार, रौप्यपदक. निवृत्ती सप्टेंबर २०२२.

---

अप्पा_मिशिगन

सगळे व्यवहार एकत्र ठेवले तर तीन काळ सरळ दिसतात. २००६ ते २०११ मध्ये सहा अदलाबदली झाल्या, तेव्हा त्याच्या बदल्यात दुसरा संघ मोलाचे खेळाडू देत होता. २०१५-१६ मध्ये दुसऱ्याच्या पैशावर किमान वेतनात. २०१७ पासून मायनर लीग करारावर. पिचर तोच, कागद वेगळा.

---

मृणाल_पी

आणि निवृत्तीवेतन? इतके संघ बदलले तर ते कुणाकडून?

---

उजवा_हात

संघाकडून नाही, लीग आणि खेळाडू संघटनेच्या सामाईक निधीतून. त्यामुळे संघ किती बदलले याचा परिणाम होत नाही, सगळे दिवस एकाच खात्यात जमा होतात. १७२ दिवस म्हणजे सेवेचं एक वर्ष. ४३ दिवस भरले की किमान निवृत्तीवेतनाचा हक्क, प्रत्येक ४३ दिवसांनी एक पायरी वाढ, आणि १० वर्षांवर पूर्ण. जॅक्सन पूर्ण रकमेला पात्र आहे. ट्रिपल-ए मधले दिवस यात धरत नाहीत, म्हणून ३५ वर्षांचा पिचर दोन आठवड्यांच्या बोलावण्यासाठीही देशाच्या दुसऱ्या टोकाला जायला तयार असतो. ज्याचे ४० च्या आसपास दिवस भरले आहेत, त्याच्यासाठी ते दोन आठवडे उरलेल्या आयुष्याचा हिशेब बदलतात.